सहा थाऊंची फट

तीन वर्षांपूर्वी बाबा पहिल्यांदा माझ्याकडे कनेक्टिकटला आले, तेव्हा जेवणाच्या टेबलावर जाड टॉवेल पसरून मी त्यांना माझे रिव्हॉल्व्हर दाखवले. त्यांनी ते हातात घेतले नाही. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाने बंदूक बाळगणे, काही मोजके अपवाद सोडले तर, इथल्या केंद्रीय कायद्याला मान्य नाही, आणि आयुष्यभर दारूगोळ्याच्या कारखान्यात नियमाने वागलेल्या माणसाला ही गोष्ट दोनदा सांगावी लागली नाही. त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि म्हणाले, "तू धर, मी बघतो." मी सिलिंडर बाहेर काढला, काडतुसांची सहाही घरे रिकामी असल्याचे आधी स्वतः पाहिले, मग त्यांना दाखवले, सिलिंडर पुन्हा आत बसवला आणि रिव्हॉल्व्हर खिडकीच्या उजेडात आडवे धरले. गोळी किती लांब जाते, आवाज किती होतो, यांपैकी त्यांनी काहीच विचारले नाही. सिलिंडरचा पुढचा पृष्ठभाग आणि नळीचे मागचे तोंड यांच्यामध्ये उजेडाची जी बारीक रेघ दिसत होती, तिच्याकडे ते बराच वेळ पाहत राहिले आणि मग म्हणाले, "फीलर गेज आहे का घरात?"

फीलर गेज, म्हणजे फट मोजायचा ठरावीक जाडीच्या पोलादी पात्यांचा संच, घरात होते. सहा थाऊंचे पाते त्या फटीतून सरळ गेले, सात थाऊंचे गेले नाही. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मेट्रिक मापे येऊन कितीही वर्षे झाली असली तरी पुण्याच्या वर्कशॉपांमध्ये जुन्या माणसांच्या तोंडी अजून हाच शब्द आहे. सहा थाऊ म्हणजे साधारण ०.१५ मिलिमीटर. मी सिलिंडर एकेक घर फिरवत गेले आणि बाबांनी सहाही घरांसमोरची फट माझ्याकडून मोजून घेतली. सगळीकडे सहाच. "ही हाताने बसवलेली आहे," ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात एवढ्या आदराचा सूर मी क्वचितच ऐकला होता.

बाबांनी ३४ वर्षे खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीच्या टूलरूममध्ये काढली. १८६९ साली सुरू झालेला हा कारखाना पुणेकरांना ठाऊक आहे तो त्याच्या भोंग्यामुळे आणि लांबच लांब भिंतीमुळे, पण भारतात परवान्याची बंदूक बाळगणाऱ्यांना तो ठाऊक आहे काडतुसाच्या बुडावरच्या 'के. एफ.' या दोन अक्षरांमुळे, म्हणजे 'किर्की फॅक्टरी' या जुन्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांमुळे. आत काय बनते याविषयी घरात बोलणे होत नसे. मात्र गेजविषयी, म्हणजे जॉब मापात आहे की नाही हे सांगणाऱ्या 'गो' आणि 'नो-गो' या जोडीविषयी, ते भरभरून बोलत. मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले, अमेरिकेत आले, आणि गेली १९ वर्षे इंजेक्शन मोल्डिंगचे साचे तयार करण्याच्या व्यवसायात आहे. माझे पोट प्लॅस्टिकवर चालते. हे आधीच सांगायचे कारण असे की पोलादी रिव्हॉल्व्हर आणि पॉलिमरचे आधुनिक पिस्तूल यांची तुलना करताना पॉलिमरला कमी लेखणारी मंडळी मला खूप भेटतात, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांनी चांगला साचा कधी उघडून पाहिलेला नसतो.

माझे रिव्हॉल्व्हर स्मिथ अँड वेसन कंपनीचे मॉडेल १० आहे. १८९९ साली '.३८ मिलिटरी अँड पोलीस' या नावाने हे आले, १९५७ मध्ये कंपनीने आपल्या सगळ्या बनावटींना क्रमांक दिले तेव्हा त्याचे 'मॉडेल १०' झाले, आणि १८९९ पासून आजवर त्याच्या साठ लाखांहून अधिक प्रती बनल्या असल्याचे सांगितले जाते. माझी प्रत १९७० च्या दशकातली, चार इंची नळीची, कुठल्याशा पोलीस खात्याने निवृत्त केलेली. नळीच्या टोकाशी निळसर काळा रंग उडून पोलाद उघडे पडले आहे, कारण कोणाच्या तरी कमरेच्या चामडी म्यानात ती वर्षानुवर्षे आत-बाहेर झाली आहे. नळी चौकटीत पक्की राहावी म्हणून तिच्या मुळाशी एक बारीक आडवी पिन ठोकलेली आहे. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपनीने ही पद्धत सोडून दिली. वजन जवळजवळ एक किलो. अक्रोडाच्या लाकडाची मूठ माझ्या हाताला किंचित मोठी होते.

मराठी वृत्तपत्रांत रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल हे शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, म्हणून या दोहोंतला यांत्रिक फरक थोडक्यात सांगते, कारण त्यांच्या आकर्षणातला फरक तिथूनच सुरू होतो. रिव्हॉल्व्हरमध्ये नळीमागे फिरणारा सिलिंडर असतो आणि काडतुसे त्याच्या घरांमध्ये बसलेली असतात. एक घर नळीसमोरून हलवून दुसरे आणणे, ते तिथे पक्के अडकवणे, घोडा मागे नेणे आणि सोडणे, ही सगळी कामे चाप ओढणाऱ्या एका बोटाच्या ताकदीवर होतात. स्वयंचलित पिस्तुलात काडतुसे मुठीतल्या मॅगझिनमध्ये एकावर एक रचलेली असतात, आणि रिकामे काडतूस बाहेर फेकून नवे आत घेण्याचे काम आधीच्या गोळीचा धक्का करतो. एकाला शक्ती माणूस पुरवतो, दुसऱ्याला काडतूस पुरवते. म्हणूनच एखादे काडतूस पेटले नाही तर रिव्हॉल्व्हरचा चाप पुन्हा ओढला की पुढचे घर समोर येते, तर पिस्तुलाची साखळी तिथे तुटते आणि ती हाताने पुन्हा जोडावी लागते. पिस्तूल हातात सैल धरले तर धक्क्याची शक्ती मनगटातच जिरते आणि ते अडकू शकते. रिव्हॉल्व्हरला तुमच्या मनगटाशी काही देणेघेणे नसते.

त्या एका बोटाच्या हालचालीत आत जे घडते ते पाहण्यासारखे आहे. मॉडेल १० च्या उजव्या बाजूला एक झाकण असते, इतके नेमके बसवलेले की जोडाची रेघ बोटाला लागत नाही. ते काढताना कडेने स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटायचे नसते. स्क्रू काढल्यावर मुठीच्या चौकटीवर लाकडी दांड्याने हलके ठोके दिले की कंपनांनी ते आपसूक वर येते. बाबांना मी हे करून दाखवले तेव्हा त्यांनी नुसती मान डोलावली, कारण टूलरूममधल्या माणसाला याहून वेगळी पद्धत सुचलीच नसती. आत एक लहानसा पोलादी पंजा आहे. चाप मागे येऊ लागला की तो वर सरकतो आणि सिलिंडरच्या मागच्या चक्राचा एक दात ढकलतो. त्याच वेळी खालून सिलिंडरला धरून ठेवणारी खिटी क्षणभर खाली जाते, सिलिंडर मोकळा होतो, ६० अंश फिरतो, आणि पुढच्या घराची खाच समोर आली की खिटी पुन्हा वर उसळून त्याला अडकवते. घोडा सुटण्यापूर्वी हे सगळे पूर्ण झालेले असायला हवे. खिटी उशिरा बसली तर घर नळीच्या रेषेत नेमके येत नाही आणि गोळी नळीच्या तोंडाशी घासते. लवकर सुटली तर सिलिंडरवर नको तिथे ओरखडे पडतात. या जुळणीला इथले कारागीर 'टायमिंग' म्हणतात, आणि जुन्या पद्धतीत ती सहाही घरांसाठी पंजाचे टोक आणि चक्राचे दात कानशीने शतांशा-शतांशाने उतरवत जमवली जाई. सहा घरे म्हणजे सहा वेगळ्या जुळण्या. एका घराला जमलेला पंजा पाचव्या घराला आखूड पडू शकतो.

बाबांनी पाहिलेली फट याच तडजोडीचा भाग आहे. सिलिंडर फिरायचा तर त्याच्यापुढे जागा हवी, आणि जागा ठेवली की तप्त वायूचा काही अंश तिथून कडेला निसटणार. ही फट साधारण चार ते आठ थाऊंच्या मध्ये ठेवतात. त्याहून कमी केली तर काजळी साचून सिलिंडर जड होतो, जास्त ठेवली तर वेग वाया जातो. रिव्हॉल्व्हर धरताना पुढच्या हाताची बोटे तिथे न नेण्याचा नियम पहिल्याच दिवशी शिकवतात तो यामुळेच. बेल्जियममधल्या लिएज शहरातल्या नागां बंधूंनी या फटीवर उपाय काढला होता. त्यांच्या सात घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये, जे रशियाने १८९५ साली सैन्यासाठी स्वीकारले, घोडा मागे जाताना संपूर्ण सिलिंडर पुढे सरकून नळीला मिटतो. उपाय अचूक होता, पण त्याची किंमत बोटाने मोजावी लागली, कारण त्याचा चाप कमालीचा जड आहे. बाबांना मी त्याची आकृती दाखवली. त्यांनी ती दोन दिवस टेबलावर ठेवून घेतली होती.

मी राहते त्या कनेक्टिकट नदीच्या खोऱ्यात या यंत्राचा इतिहास रस्त्यावरून दिसतो. हार्टफर्ड शहरातून महामार्गाने जाताना सोनेरी चांदण्यांचा निळा कांद्याकृती घुमट दिसतो तो सॅम्युएल कोल्टच्या कारखान्याचा. कोल्ट १६ वर्षांचा असताना, १८३० साली, 'कॉर्व्हो' नावाच्या जहाजावर खलाशी म्हणून बॉस्टनहून कलकत्त्याला निघाला होता, आणि त्या प्रवासात जहाजावरच्या फिरणाऱ्या आणि ठरावीक जागी अडकणाऱ्या चाकावरून त्याला आपल्या यंत्राची कल्पना सुचली व त्याने तिचा लाकडी नमुना कोरला, अशी हकीकत सांगतात. ते चाक सुकाणूचे की दोर ओढण्याच्या रहाटाचे, याविषयी सांगणाऱ्यांचे एकमत नाही. त्याच्या पत्नीने शहराला दिलेल्या संग्रहात, वॉड्सवर्थ अथेनियम या संग्रहालयात, असा लाकडी नमुना जपलेला आहे. बंगालच्या वाटेवर, चाकूने कोरलेल्या लाकडातून ही गोष्ट सुरू झाली, हे मला दरवेळी नव्याने जाणवते.

१८३६ साली कोल्टला अमेरिकन पेटंट मिळाले, पहिला कारखाना बुडाला, आणि १८५५ च्या सुमारास हार्टफर्डचा मोठा कारखाना उभा राहिला. त्याचे यंत्रांचे सगळे नियोजन एलिशा रूट या असामान्य यंत्रतज्ज्ञाने केले. कोल्टचे स्वप्न असे होते की प्रत्येक भाग यंत्राने इतका सारखा बनावा की कोणताही भाग कोणत्याही रिव्हॉल्व्हरला बसावा. त्याने जाहिरातही तशीच केली. प्रत्यक्षात त्या काळच्या कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या मुख्य भागांवर एकच अनुक्रमांक ठोकलेला आढळतो, कारण यंत्रावरून उतरलेले भाग शेवटी कानस घेतलेल्या फिटरच्या हाताखालून जात आणि एकदा जुळवलेले भाग दुसऱ्या रिव्हॉल्व्हरच्या भागांत मिसळून चालत नसे. फ्रान्सिस प्रॅट आणि अ‍ॅमोस व्हिटनी हे दोघेही याच कारखान्यात काम करून बाहेर पडले आणि १८६० मध्ये त्यांनी स्वतःची यंत्रांची कंपनी काढली. टूलरूममधल्या एका जुन्या यंत्रावरच्या पितळी पट्टीमुळे हे नाव बाबांना चाळीस वर्षांपासून माहीत होते. ते दोघे इथून, या घुमटाखालून, निघाले हे त्यांना इथे आल्यावर कळले.

कोल्टचे ते स्वप्न पुढे पूर्ण केले ते गास्टॉन ग्लॉकने, असे मला वाटते. व्हिएन्नाजवळच्या डॉइच-वाग्राम गावात त्याचा पडद्यांचे रॉड आणि तत्सम वस्तू बनवण्याचा व्यवसाय होता, ऑस्ट्रियाच्या सैन्याला तो चाकू पुरवत असे, आणि पिस्तूल त्याने आयुष्यात कधी बनवले नव्हते. सैन्याला नवे पिस्तूल हवे आहे हे कळल्यावर त्याने जाणकारांना विचारून, बाजारातली पिस्तुले उघडून पाहून स्वतःचे तयार केले आणि १९८२ मध्ये ते स्वीकारले गेले. ते त्याचे १७ वे पेटंट होते, म्हणून ग्लॉक १७. मॅगझिनमध्ये १७ काडतुसे मावतात हा योगायोग. पॉलिमरच्या चौकटीचे ते पहिले पिस्तूल नव्हते, कारण जर्मनीच्या हेक्लर अँड कॉख कंपनीने १९७० मध्येच तसे एक आणले होते. पण पहिले यशस्वी हेच. अमेरिकेत ते आले तेव्हा विमानतळावरच्या क्ष-किरण यंत्रातून निसटणारे 'प्लॅस्टिकचे पिस्तूल' म्हणून त्याचा मोठा गवगवा झाला. तो निराधार होता. नळी आणि स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग, पोलादाच्याच आहेत आणि रिकाम्या पिस्तुलाच्या वजनातला मोठा वाटा त्यांचाच आहे.

ग्लॉक १७ मध्ये सुमारे ३५ सुटे भाग आहेत. रिकाम्या मॅगझिनसह त्याचे वजन ७०० ग्रॅमच्या आसपास भरते, ते घामाने गंजत नाही, जानेवारीत उणे दहा अंशांत हाताला चटका देत नाही, आणि एका पिस्तुलातला भाग काढून दुसऱ्याला लावला तर तो कानस न लावता बसतो. मी ते उघडते तेव्हा माझ्या डोळ्यांना सर्वप्रथम दिसतो तो साचा. काचेच्या तंतूंशिवायचे नायलॉन असो वा तंतू घातलेले, ते थंड होताना आकसते, आणि लांबीत वेगळे, जाडीत वेगळे आकसते. त्यात पोलादाच्या पट्ट्या बसवायच्या, त्या पट्ट्यांवर स्लाइड धावायची, आणि लाखाव्या नगालाही ती तशीच धावायची, तर साच्यातल्या पोकळीचे माप, थंड पाण्याच्या वाहिन्या, वितळलेला पदार्थ आत शिरण्याची जागा, हे सगळे आधीच बरोबर यावे लागते. असा साचा तयार करताना आमच्या वर्कशॉपातला टूलमेकर दोन अर्ध्या भागांवर निळा रंग लावून ते मिटवतो, रंग कुठे उठला ते पाहतो, घासतो, पुन्हा मिटवतो. बाबा म्हणतात तोच हात, तीच कानस. फरक एवढा आहे की पॉलिमरच्या पिस्तुलात तो हात साच्यावर एकदा फिरला आणि त्याची नक्कल लाखो वेळा झाली. जुन्या रिव्हॉल्व्हरमध्ये तो प्रत्येक नगावर पुन्हा फिरला. रिव्हॉल्व्हरमध्ये मला जे ओढून घेते ते हे आहे. माझ्या मॉडेल १० चा पंजा ज्याने उतरवला त्याने तो याच रिव्हॉल्व्हरसाठी उतरवला होता.

आमच्या नेमबाजीच्या क्लबात एक वृद्ध सदस्य आहेत, निवृत्त टूलमेकर, ज्यांच्याकडे १९६० च्या दशकातले कोल्ट पायथन आहे. १९५५ साली .३५७ मॅग्नम काडतुसासाठी आलेले हे रिव्हॉल्व्हर अमेरिकेत कारखान्यातून निघालेल्या रिव्हॉल्व्हरांमध्ये सर्वांत देखण्यांपैकी एक मानले जाते. नळीच्या वर जाळीदार पट्टी, खाली टोकापर्यंत गेलेला भरीव कणा, आणि 'रॉयल ब्लू' म्हणून ओळखला जाणारा रंग, जो प्रत्यक्षात रंग नव्हेच, पोलादावर रासायनिक प्रक्रियेने आणलेला पातळ थर आहे. त्याखालचे पोलाद आधी आरशासारखे घासलेले असते म्हणून त्यात खोली दिसते. त्याच्या आतली रचना विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातली होती. तीत चाप पूर्ण मागे धरला की पंजा सिलिंडरला दाबून ठेवतो आणि त्या क्षणी तो केसभरही हलत नाही. ही घट्ट पकड मिळवण्यासाठी पंजा सतत झिजतो आणि तो पुन्हा जुळवणारा जाणकार कारागीर लागतो. या शतकाच्या सुरुवातीला पायथनचे उत्पादन थांबले त्यामागे हेच होते असे मी मानते: अशा फिटरांचे तास आता परवडत नव्हते. त्या सदस्यांनी एकदा झाकण काढून मला आतल्या कानशीच्या रेघा दाखवल्या. सगळ्या एकाच, नेहमीच्या उलट बाजूला कललेल्या होत्या, आणि त्यावरून हा फिटर डावखुरा असावा असा त्यांचा अंदाज आहे. नाव नाही, सही नाही, साठ वर्षांनंतर एका माणसाचा डावा हात मात्र तिथे आहे.

२०२० मध्ये कोल्टने पायथन पुन्हा बाजारात आणले. नाव तेच, बाह्यरूप जवळजवळ तेच, पण आतले भाग कमी केलेले, पोलाद अधिक मजबूत, आणि संगणकाने चालणाऱ्या यंत्रांवर असे कापलेले की हाताने जुळवायचे फारसे उरत नाही. मी त्याने पन्नासेक गोळ्या झाडल्या आहेत. चाप जुन्याइतकाच तलम आहे, आणि दारूच्या भाराचा विचार केला तर ते जुन्यापेक्षा टिकाऊ असणार यात मला शंका नाही. अभियंता म्हणून मी नवेच निवडीन. तरीही ते खाली ठेवल्यावर मी जुन्याकडेच पुन्हा वळले. ही आवड आहे, गुणवत्तेचा निवाडा नाही, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे मला आवश्यक वाटते.

कारण उपयुक्ततेचा निवाडा केव्हाच लागला आहे. ११ एप्रिल १९८६ रोजी मायामीत एफबीआयच्या अधिकाऱ्यांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली, तीत दोन अधिकारी मारले गेले आणि पाच जखमी झाले. एका अधिकाऱ्याच्या हाताला रिव्हॉल्व्हर पुन्हा भरत असतानाच गोळी लागली. चकमक अखेर संपवली ती एका गंभीर जखमी अधिकाऱ्याने, आणि त्याच्या हातात शेवटी रिव्हॉल्व्हरच होते. परंतु जखमी हातांनी सहा काडतुसे एकेक करून भरणे म्हणजे काय हे त्या दिवसाने सर्वांना दाखवले, आणि त्यानंतर अमेरिकेतली पोलीस दले झपाट्याने पिस्तुलांकडे वळली. न्यूयॉर्क पोलिसांनी १९९३ मध्ये ९ मिलिमीटर पिस्तुले स्वीकारली, आणि जुन्या अधिकाऱ्यांच्या कमरेची शेवटची रिव्हॉल्व्हर २०१८ मध्ये उतरली. ज्याला कर्तव्य म्हणून शस्त्र बाळगावे लागते त्याच्यासाठी मला हा निर्णय योग्य वाटतो.

'रिव्हॉल्व्हर कधी अडकत नाही' हे वाक्यही मी अनेकदा ऐकले आहे, आणि ते खरे नाही. हलक्या रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्याने शेजारच्या घरातली गोळी आपल्या काडतुसातून पुढे सरकते आणि सिलिंडर जागीच अडतो. रिकामी काडतुसे बाहेर ढकलणाऱ्या चांदणीखाली न जळलेल्या दारूचे चार कण गेले की सिलिंडर मिटत नाही. पिस्तूल बहुतेक वेळा काही सेकंदांत हाताने मोकळे करता येते. रिव्हॉल्व्हर खऱ्या अर्थाने अडकले तर ते वर्कशॉपातच न्यावे लागते.

दुसरा गैरसमज मला अधिक जवळचा आहे. मी परवान्याचा अर्ज केला, प्रशिक्षण घेतले, बोटांचे ठसे दिले, आणि पहिले शस्त्र घ्यायला गेले तेव्हा बाई आहे म्हणून मला एकामागून एक लहान, हलकी रिव्हॉल्व्हर दाखवली गेली, कारण ती 'सोपी' असतात. ती भरायला सोपी आणि समजायला सोपी असतात हे बरोबर आहे. झाडायला ती सर्वांत अवघड. घोडा आधी न चढवता रिव्हॉल्व्हरचा चाप ओढायला साधारण साडेचार ते साडेपाच किलोचा ताण लागतो, ग्लॉकला अडीच किलोच्या आसपास, आणि अर्धा किलो वजनाचे शस्त्र पाच किलोच्या ओढीखाली निशाणावर स्थिर ठेवणे ही नवशिक्याची कसोटी आहे. मी शिकले ते क्लबातल्या भाड्याच्या पॉलिमर पिस्तुलावर, आणि कोणी विचारले तर आजही तेच सुचवते. मॉडेल १० दोन वर्षांनी घेतले. त्याचे किलोभर वजन, ज्याची सुरुवातीला भीती वाटत होती, तेच धक्का गिळते. पहिले सहा महिने मी घरी भिंतीसमोर रिकाम्या रिव्हॉल्व्हरचा चाप ओढत असे, रोज पन्नास वेळा. लांब, जड, पण शेवटपर्यंत एकसारखा येणारा तो चाप, मध्येच सिलिंडर अडकल्याचा बोटाला कळणारा बारीक ठसका, आणि त्यानंतरचे उरलेले दोन मिलिमीटर: हे अंगवळणी पडल्यावर मला समजले की आतला पंजा, दात आणि खिटी यांचे काम मी बोटाने वाचू शकते आहे. पिस्तुलाच्या चापातून असे काही वाचता येत नाही, कारण तिथले मोठे काम गोळी सुटल्यानंतर, डोळ्यांना न दिसणाऱ्या वेगाने होते.

माझ्या राज्यात २०१२ च्या डिसेंबरमध्ये सँडी हुकच्या शाळेत २० मुले आणि सहा प्रौढ मारले गेले. त्यानंतर २०१३ मध्ये इथे दहापेक्षा अधिक काडतुसांच्या मॅगझिनवर बंदी आली. त्या कायद्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि शस्त्राच्या घडणीविषयी प्रेमाने लिहिताना त्या मुलांना विसरणे मला शक्य नाही. माझे रिव्हॉल्व्हर कुलपात असते, काडतुसे वेगळ्या कुलपात असतात, आणि मी ते क्लबाच्या निशाणापलीकडे कशासाठीही वापरत नाही.

भारतातले मित्र विचारतात तेव्हा त्यांना सांगावे लागते की त्यांच्यासाठी ही निवड बरीचशी कायद्यानेच केलेली आहे. ९ मिलिमीटर काडतूस भारतात सामान्य नागरिकाला निषिद्ध असल्यामुळे परवानाधारकाच्या वाट्याला मुख्यतः .३२ ची रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुले येतात. कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर ब्रिटिश वेब्लीच्या वळणाचे, मधोमध मोडून उघडणारे आहे. उघडताच सहाही रिकामी काडतुसे एकदम वर उचलली जातात. २०१४ मध्ये स्त्रियांसाठी म्हणून आलेले टायटॅनियम मिश्रधातूचे 'निर्भीक' अर्ध्या किलोचे होते आणि त्याची किंमत सव्वा लाखाच्या आसपास होती. हलकेपणाविषयी माझे मत वर आलेच आहे.

बाबा परत गेल्यावर त्यांचे फीलर गेज माझ्याकडे राहिले. मी वापरले होते ते माझे. त्यांचे, पुण्याहून हातसामानातून आणता येणार नाही म्हणून मोठ्या बॅगेत तेलकट फडक्यात गुंडाळून आणलेले, त्यांनी निघताना माझ्या टेबलावर ठेवले. खडकीच्या घरी खंडेनवमीला पाटावर व्हर्निअर, मायक्रोमीटर, कानशींचा संच आणि आजोबांची कोयती मांडली जाई, सगळ्यांना हळदकुंकू आणि झेंडूचे फूल. इथे झेंडू मी अंगणात लावते; ऑक्टोबरच्या पहिल्या थंडीत तो टिकला तर पाटावर येतो. गेल्या वर्षी पाटावर बाबांचे गेज होते, माझ्या पहिल्या साच्याचा एक लहान पोलादी तुकडा होता आणि सिलिंडर उघडा ठेवलेले रिकामे रिव्हॉल्व्हर होते. बाबा व्हिडिओ कॉलवर होते. पूजा झाल्यावर त्यांनी मला सिलिंडर मिटवायला लावून फट पुन्हा मोजायला सांगितली, या वेळी त्यांच्या गेजने. सहाचे पाते गेले. सातचे अडले. "बाकीची पाच घरे?" त्यांनी विचारले, आणि मी सिलिंडर फिरवला.